डायलवरचं कुलूप

दिवाळीची साफसफाई म्हटली की माळा उपसणं आलंच. या वेळी माळ्यावरून जुनं घंगाळ, पाटा-वरवंटा आणि गोणपाटात गुंडाळलेला आमचा काळा टेलिफोन खाली आला. लेक म्हणाली, "मम्मी, याला गोल्डन स्प्रे मारू, टीव्हीशेजारी भारी दिसेल!" हे म्हणाले, "कशाला? भंगारवाला उद्या येतोच आहे." मी मात्र फडक्याने तबकडी पुसता पुसता थांबले. एकच्या भोकाच्या कडेला बारीक ओरखडे होते. कुलपाचे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींना आठवतं ते इवलंसं कुलूप? तबकडीच्या भोकात बसवलं की तबकडी पुढे फिरत नसे. आलेला फोन घेता यायचा, पण आपण कुणाला लावायचा म्हटलं तर नाही! माझं लग्न 2001 सालचं. तोवर कन्नडमध्ये अनेक घरी बटणांचे फोन आले होते, आमच्याकडे मात्र हा काळाच होता आणि किल्ली मामंजींच्या खिशात. बिलाची काळजी, दुसरं काही नाही, असं सगळे म्हणायचे. माझं माहेर याच तालुक्यात पिशोरला. तिथे शेजारच्या दुकानात फोन होता. पण मध्ये ते कुलूप.

एका दुपारी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "रिसीव्हर उचल, आणि हे खालचं बटण टिचक टिचक दाब. तीनला तीनदा, पाचला पाचदा, शून्याला दहादा. दोन आकड्यांमध्ये थोडं थांब." मी घाबरत घाबरत दाबलं आणि पलीकडे घंटी वाजली! आईला बोलवायला दुकानदाराचा पोरगा पळाला. त्या दिवशी मी किती रडले असेन ते विचारू नका.

ही जादू नव्हती. तबकडी फिरवून सोडली की ती परत येताना लाईन क्षणभर तोडते, जोडते. सेकंदाला साधारण दहा वेळा. एकाला एक ठोका, शून्याला दहा. एक्स्चेंज ते ठोके मोजतं. रिसीव्हर ठेवायच्या जागी असलेलं बटणही लाईनच तोडतं, म्हणून कुलूप बाजूला राहून नंबर लागायचा. चौथी शिकलेल्या माझ्या सासूबाईंना हे कुणी शिकवलं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

फोन भंगारात गेला नाही. संभाजीनगरला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका भेटले, त्यांच्याकडून बरंच शिकले. फोन आधी उलटा करून बघायचा. बंगलोरची आय.टी.आय. कंपनी 1948 साली सुरू झाली. आपल्याकडच्या जुन्या काळ्या फोनांच्या बुडाशी किंवा आत बहुतेकदा तिचीच अक्षरं सापडतात, काहींत सालही असतं. अंग बॅकेलाइटचं असेल तर फोन हाताला जड लागतो आणि अंगठ्याने जोरात घासला की कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. कापडी विणीची वायर जुनी, गुंडाळीची प्लास्टिकची नंतरची. तबकडीच नसलेला फोन मोडका समजू नका. तो ऑपरेटरला नंबर सांगून जोडून घ्यायच्या काळातला असू शकतो. आणि मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चकचकीत पितळी फोन दिसला तर लगेच भुलू नका. नव्याने घडवलेले फोनही जुने म्हणून खपवतात.

दुरुस्तीही फार अवघड नसते. लाईन जोडलेली असताना मात्र फोन उघडायचा नाही, घंटी वाजताना चांगला झटका बसतो. पाण्यात बुडवायचा नाही, मऊ कापडाने पुसायचा. बोलायच्या बाजूला आत कोळशाचे बारीक कण असतात, ते दाटून बसले की आवाज घोगरा येतो. रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटला की मोकळे होतात. मामंजी फोन आपटायचे तो राग नव्हता, दुरुस्ती होती म्हणायची!

काकांनी विचारलं, "ताई, तबकडी खराब झालीय. माझ्याकडे नवी पडलीय, बसवून देऊ?" मी नको म्हटलं. ते ओरखडे काढून टाकले तर माझ्याकडे उरतं काय? एक शोभेची वस्तू.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंय? दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी असं सगळं घराघरांतून जमवलं आणि 1975 मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या रोजच्या हातातल्या वस्तूही जपण्यासारख्या असतात, हे कुणाला तरी वाटावं लागतं. पण वस्तू जपली आणि तिची गोष्ट हरवली तर काय उपयोग? म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की फोन चालता करा, पण त्याच्या खुणा पुसू नका. आणि घरातल्या आजीला, काकूला विचारून त्याची गोष्ट एका कागदावर लिहून फोनच्या पोटात ठेवा. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा फोन नेला, तर हिशोब बाजूला राहिला. ट्रंक कॉल आला की काळजात कसं धस्स व्हायचं, ते एक सांगत होती. सगळ्या घरासमोर उभं राहून नवऱ्याशी "हो, नाही, बरं" एवढंच कसं बोलायचं, ते दुसरी. मग कोपऱ्यातली एक तरुण सून हळूच म्हणाली, "ताई, माझ्या मोबाईलचा पासवर्ड सासरच्यांकडे असतो." सगळ्या गप्प झाल्या.

कुलूप गेलं कुठे? भोकातून निघून मोबाईलमध्ये शिरलं, एवढंच.

आमचा फोन आता खणखणीत वाजतो. पण घरी फायबर आलंय आणि आमच्या नव्या मोडेमला तबकडीची भाषा कळत नाही. म्हणजे आलेला फोन घ्यायचा, आपण लावायचा नाही. पुन्हा तेच! लेकीला हे सांगितलं तेव्हा ती हसली, मग बराच वेळ ओरखड्यांवरून बोट फिरवत बसली. गोल्डन स्प्रेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

तुमच्या माळ्यावर काय आहे? विकण्याआधी एकदा पुसून बघा. आणि घरात नवी सून आली असेल, तर तिच्या हातातला फोन तिचाच राहू द्या.