बहात्तरची पेटी

तुमच्याकडे अशी एखादी वस्तू आहे का, जी न उघडता ठेवली तर महाग होत जाते आणि उघडली की त्याच क्षणी स्वस्त होते? एफडी नाही म्हणत मी. ती मोडली तर थोडं व्याज जातं, मुद्दल तरी हातात येतं. मी बोलतेय कार्डांच्या सीलबंद पेटीबद्दल. जाडजूड डिक्शनरीएवढा पुठ्ठ्याचा खोका, वर चकचकीत प्लॅस्टिक, आत २४ पाकिटं, प्रत्येक पाकिटात ९ कार्डं. म्हणजे २१६. सगळी बेसबॉलची.

माझी पेटी दिवाळीत आली. एडिसनचा चुलतभाऊ कपड्यांच्या घडीत लपवून घेऊन आला, कारण त्याच्या बायकोच्या मते त्या जागेत दोन किलो बदाम बसले असते. टॉप्स कंपनीची ‘हेरिटेज’ मालिका, २०२१ सालची. शंभर डॉलरच्या वर पडली. नेमका आकडा आईला सांगितलेला नाही, तेव्हा इथेही छापत नाही.

‘तुला बेसबॉल कळतं?’ हा प्रश्न ऑफिसातल्या प्रत्येकाने विचारून झालाय. नाही कळत. होम रन म्हणजे साधारण सिक्सर आणि ओहतानी म्हणजे सॉलिड माणूस, एवढ्यावर माझं चालतं. तिकिटं जमवणाऱ्याला कुणी विचारतं का, की तुम्ही पोस्टात आहात का?

कार्डांचा किडा मात्र अस्सल देशी आहे. आमच्या पिढीत तो कुणाला चावला नव्हता? मोठ्या दादाकडे बिग फन बबलगममधून निघालेली क्रिकेटची कार्डं होती. त्यावर रन आणि विकेट असायच्या. ठरावीक रन जमले की छोटीशी पुस्तिका मिळायची, पानं अंगठ्याने फर्रकन सोडली की बॅट हलायची. मग डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आली. अंडरटेकरची उंची आणि बायसेप्स सगळ्या वर्गाला पाठ, सतराचा पाढा येवो न येवो. १९९९च्या वर्ल्ड कपला ब्रिटानियाच्या रॅपरवरचे रन जमवायचे होते. शंभर झाले की खरवडायची पुस्तिका. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात चहाबरोबर दुसरं काही खाल्लंच गेलं नाही. ‘मुलींनी काय करायचीत ही कार्डं?’ हे दादाचं पेटंट वाक्य. आज त्याच्याकडे एकही नाही आणि माझ्याकडे चार अल्बम आहेत. असो.

आता ‘हेरिटेज’चा फंडा काय ते सांगते. टॉप्सने २००१ साली डोकं लढवलं, की नवे खेळाडू घ्यायचे पण कार्डाचं रूप जुनं ठेवायचं. पहिल्या वर्षी १९५२चं रूप घेतलं, मग दर वर्षी एकेक पाऊल पुढे. त्या हिशेबाने २०२१च्या वाट्याला १९७२ आलं. पुठ्ठाही गुळगुळीत नाही, मुद्दाम जुन्यासारखा खरखरीत. आपल्याकडे नवीन फर्निचरला घासूनपुसून वाड्यातलं करतात ना, तसंच.

आणि १९५२च का, यामागेही गोष्ट आहे. त्या साली साय बर्गर नावाच्या टॉप्सच्या माणसाने ब्रुकलिनमधल्या आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डांचा नवा साचा बसवला. मोठं कार्ड, पुढे रंगीत चित्र, मागे आकडेवारी. त्या वर्षीची शेवटची खेप बाजारात उशिरा आली आणि पडून राहिली. किती वर्षं सांभाळणार? १९६० साली बर्गरसाहेबांनी ते खोकेच्या खोके बार्जवर चढवले आणि नेऊन अटलांटिक महासागरात बुडवले. त्याच खेपेत मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड होतं. बाहेर उरलेल्यांपैकी एक उत्तम स्थितीतलं कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात गेलं १ कोटी २६ लाख डॉलरला. आपले साधारण १०० कोटी रुपये. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याचे!

हा आकडा ऐकून जे कामाला लागले, त्यांचं काय झालं तेही ऐका. म्हणजे मँटलचे भाव चढायला लागले ऐंशीच्या दशकातच. मग अमेरिकेत प्रत्येकजण कार्डं जपायला लागला. कंपन्यांनी मागणी तसा पुरवठा म्हणून बेसुमार छापली. ती सगळी आजही आहेत, माळ्यावर, अगदी नव्यासारखी. आणि कुणी विचारत नाही. पोरांनी सायकलच्या तारांत खोचून फाडली, आयांनी कचऱ्यात टाकली, कंपनीने समुद्रात बुडवली, म्हणून जुनी कार्डं महाग. सगळ्यांनीच जपलं की भाव शून्य. माझी पेटी तर जपण्यासाठीच जन्माला आलेली. तरीही सीलबंद ठेवली तर ती हळूहळू चढेल, कारण आत काय आहे ते कुणाला माहीत नाही. उघडली की कळणार, आणि कळलं की बहुतेक वेळा भाव उतरणार. चुलतभावाचा सल्ला स्पष्ट होता, ‘पाच वर्षं हात लावू नकोस.’

पेटी घेऊन मी शनिवारी शिरवळला गेले, कारण पुण्यातल्या आमच्या वन बीएचकेत ती ठेवायला जागा नव्हती. शिरवळ तुम्ही पाहिलंय. पाहिलंय म्हणजे खिडकीतून. साताऱ्याकडे निघालात की पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर नीरा नदी लागते, पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि लगेच आमचं गाव. तुम्ही तिथे वडापाव खाता आणि महाबळेश्वरला जाता. शिवरायांच्या पहिल्यावहिल्या लढायांपैकी एक इथल्या सुभानमंगळ गढीवर झाली हे बोर्ड वाचायला कुणी थांबत नाही. आता चारी बाजूंनी एमआयडीसी आहे. आप्पांनी तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नटबोल्ट मोजले. रिटायर झाल्यापासून ते घरातल्या चमच्यांवर समाधान मानतात.

‘काय गं, ह्ये काय आनलंस?’

मी सांगितलं. अमेरिकेतली कार्डं, १९७२च्या स्टाइलची. रेट्रो.

‘बहात्तर?’ आप्पांनी चष्मा वर सरकवला. ‘बहात्तरची कसली आलीया स्टाइल?’

इथे मला थांबावं लागलं. आमच्या घरात बहात्तर हा विषय निघत नाही. म्हणजे निघतो, पण ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असं म्हणून आजी जेवढं बोलायची तेवढाच, आणि ते ताटात टाकलेल्या अन्नाबद्दल असायचं. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे. त्यांच्या तोंडून मी त्या वर्षाबद्दल एक वाक्य कधी ऐकलं नव्हतं. विचारलं की ते उठून मोटार चालू करायला जातात.

या वेळी उठले नाहीत. खोका उलटापालटा करत राहिले. मग म्हणाले, ‘फोड की. बघू तरी त्यांचं बहात्तर.’

पाच वर्षांचं प्लॅनिंग अडकित्त्याने कापलं गेलं. (कात्री सापडली नाही.)

ज्यांनी कधी पाकीट फोडलेलं नाही त्यांना सांगते, त्यात एक वास असतो. शाई, पुठ्ठा आणि गोंद. मी दोन-तीन पाकिटं फोडली, मग आप्पा फोडायला लागले. माझ्यासारखं टरकावून नाही. कडेने चीर देऊन, रिकामी पाकिटं एकात एक घालून. आतून झगझगीत रंग निघत होते. वर संघाचं नाव कमानीत, फुगीर अक्षरांत, शम्मी कपूरच्या सिनेमाचं पोस्टर असावं तसं. त्याखाली खेळाडू. मूळच्या १९७२च्या मालिकेत ७८७ कार्डं होती आणि त्यातल्या काहींवर चक्क खेळाडूंचे लहानपणीचे फोटो छापले होते. हे मी सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, ‘आमचा लहानपनचा फोटूच न्हाय.’ तक्रार म्हणून नाही. स्टॉकमध्ये नाही, एवढंच.

‘हेरिटेज’मध्ये खेळाडूंबरोबर त्या जुन्या वर्षातल्या बातम्यांचीही कार्डं टाकतात. मी उत्साहाने अमेरिकेचं १९७२ सांगायला लागले, की बघा, वॉटरगेटची घरफोडी त्याच साली, चंद्रावर शेवटचा माणूस उतरला तो त्याच डिसेंबरात...

‘आमाला मिलो आला त्या साली,’ आप्पा म्हणाले.

लाल मिलो. अमेरिकेतून आलेली, रेशनवर मिळणारी ज्वारी. भाकरी थापली की तडकायची आणि गार झाली की दातांना ऐकायची नाही. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, रस्त्याच्या कडेला. त्याच कामांची पुढे रोजगार हमी योजना झाली, कायदा १९७७ सालचा. कामावर सुकडी मिळायची. पोरं दिवसभर तिथंच, कारण घरी तरी काय होतं?

‘अमेरिकेनं तवा ह्ये न्हाय पाठिवलं,’ हातातलं कार्ड हलवत आप्पा म्हणाले. ‘मिलो पाठिवला.’

आणि मग, नवव्या की दहाव्या पाकिटाला, त्यांनी मला सांगितलं की तेही जमवायचे. छाप! काडेपेटीवरचं चित्र आणि सिगारेटच्या पाकिटाचा पुढचा भाग. जमिनीवर टाचेने रिंगण आखायचं, प्रत्येकाने आपले छाप मधे मांडायचे, लांबून चपटा दगड मारायचा, रिंगणाबाहेर जातील तेवढे आपले. प्रत्येकाचा भाव ठरलेला. चारमिनार सगळेच फुंकायचे म्हणून तिला किंमत नाही. पनामा बरी. विल्स भारी. काडेपेट्यांत जहाज छाप हवा तेवढा. आतल्या गावातल्या पोरांपेक्षा शिरवळची पोरं श्रीमंत, कारण रस्ता मोठा. धान्याचे ट्रक, चाऱ्याचे ट्रक, ड्रायव्हर लोक कुठकुठले. कधी एखादं परदेशी पाकीट पडलेलं मिळालं की त्या पोराची आठवडाभर चलती.

‘रोज ट्रक बघत बसायचो,’ आप्पा म्हणाले. ‘लोकं धान्याकडं बघायची. आमी ड्रायव्हरच्या हाताकडं.’

किती होते छाप? एक डबा भरून. गेले कुठे? पुढच्या साली पाऊस झाला, चांगला झाला. लाकडं सगळी ओली. चूल पेटेना. आजीने डबा घेतला आणि छाप चुलीत घातले. मी ‘अरेरे’ म्हणाले. अमेरिकेत यावर माणसं थेरपिस्टकडे जातात. आप्पांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. ‘अगं, पाऊस आलता!’

मोठा मासा अठराव्या पाकिटात निघाला. असल्या पेटीत एक तरी विशेष कार्ड असतं, सहीचं नाही तर कपड्याचं. आमचं कपड्याचं निघालं. कार्डाच्या मधोमध चौकोनी खिडकी, तिच्यात खेळाडूच्या जर्सीचा तुकडा. खेळाडूचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे चुलतभाऊ खूश होण्यातलं नाही. आप्पांनी बोटाने कापड चाचपलं. खरं आहे? मी सांगितलं की हल्ली अशा बऱ्याच कार्डांच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, हे कापड कुठल्या ठरावीक सामन्यातलं किंवा हंगामातलं नाही म्हणून.

‘म्हंजी चलनाबिगर माल,’ तीस वर्षं स्टोअर सांभाळलेले आप्पा म्हणाले. ‘मी घ्येतला नसता.’

आई चहा घेऊन आली, तिने पसारा बघितला, किंमत विचारली, मी चहा चांगला झालाय म्हणाले.

रात्री जेवण झाल्यावर बघते तर आप्पा सतरंजीवर बसलेले. कार्डं नंबरवार लावलेली, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत, वर रबर. शेजारी जुनी लेजर वही. मालिका ५०० कार्डांची, त्यातले शेवटचे १०० नंबर मुद्दाम कमी छापलेले. आमच्या २१६पैकी १८८ वेगवेगळे नंबर, बाकी डबल आणि जादाची. उरले ३१२. ते सगळे नंबर त्यांनी वहीत उतरवले होते, लाल पेनने, चार कॉलम करून. तारीख घालून. खाली सही.

रविवारी निघताना मी पेटी उचलायला गेले तर ती कपाटात, किल्ली आप्पांच्या जानव्याला असावी तशी करदोट्याला. मी म्हणाले, आप्पा, ती पुण्याला न्यायची आहे. ते म्हणाले, तुझ्याकडं जागा न्हाय म्हनलीस की.

आता दर शनिवारी सकाळी फोन येतो. आधी पाऊस-पाणी, मग मुद्द्याचं. अमेरिकेत डबल कार्डं टपालाने अदलाबदल करणारे लोक आहेत हे मी त्यांना सांगून बसलेय. एडिसनच्या चुलतभावाला त्यांनी थेट यादी धाडली आहे, वहीच्या चार पानांचे फोटो, व्हॉट्सॲपवर. परवा पहिलं पाकीट आलं. सात कार्डं. त्यातली दोन आमच्याकडे होतीच.

‘तीनशे सात ऱ्हायल्यात,’ आप्पा म्हणाले. ‘आन् त्याला सांग, पाठिवताना चलन लाव.’