हेडमास्तरांचे दप्तर आणि घरातली ट्रंक



या सदरात बी-बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी लिहायचे हा आपला शिरस्ता. आज मात्र गावच्या शाळेच्या हेडमास्तरांविषयी लिहितो. शेतीखात्याच्या माणसाने शाळेत का डोकवावे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर सोपे आहे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी शेतीचाही असतो आणि शिक्षणाचाही. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हापासूनचा हा शेजार. शाळांची गाऱ्हाणी त्यामुळे आमच्या कानावर आपसूक पडतात. शिवाय सध्या मे महिना आहे. नांगरट उरकली, पेरणीला अवकाश आहे. घरातली ट्रंक उघडून कागद पाहायला याहून बरी वेळ नाही.

मी राहतो ते गारखेडा एके काळी गावच होते. आता ते शहरात पुरते मिसळून गेले आहे. शहरातल्या मोठ्या शाळेत हेडमास्तरांच्या हाताखाली कारकून असतो, शिपाई असतो. शहराची वेस ओलांडून तालुक्यातल्या एखाद्या वस्तीशाळेत जा, म्हणजे वेगळे चित्र दिसेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, एकशेवीसपर्यंत चार असे प्रमाण घातले. स्वतंत्र हेडमास्तर दीडशेच्या वर मुले असतील तरच. म्हणजे तुमच्या-माझ्या गावातले बहुतेक ‘हेडमास्तर’ हे दोन-तीन वर्ग शिकवणारे गुरुजी किंवा बाईच असतात. सेवेने ज्येष्ठ म्हणून कार्यभार त्यांच्याकडे. कारकून नाही, शिपाई नाही. घंटाही त्यांनीच द्यायची आणि हिशेबही त्यांनीच लिहायचा.

हिशेब किती असतो याची कल्पना यावी म्हणून फक्त खिचडीचे घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. आज किती मुले जेवली, तांदूळ किती गेला, शिल्लक किती, हे रोज नोंदवायचे आणि वर कळवायचे. त्यावर हजेरीपट, जनरल रजिस्टर, कीर्द, मोफत पुस्तके व गणवेशाचे वाटप, शिष्यवृत्तीचे अर्ज. त्याशिवाय ‘यू-डायस’ म्हणून शाळेची सारी माहिती संगणकावर भरावी लागते. शाळेला अकरा आकडी क्रमांक असतो आणि त्याखाली प्रत्येक मुलाची नोंद. गावात रेंज नसली की बाई फोन घेऊन गच्चीवर नाहीतर फाट्यावर.

आता मुद्द्यावर येतो. शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे ज्या कागदावर ठरते त्याला संचमान्यता म्हणतात. त्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात. आणि गेल्या काही वर्षांत नुसते पटावर नाव असून भागत नाही. मुलाचे आधार शाळेच्या नोंदीशी जुळलेले असावे लागते. नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, यांपैकी एक गोष्ट जुळली नाही तरी ते मूल मोजणीबाहेर राहण्याचा धोका असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर रानात रोप उभे आहे, पण पंचनाम्यात धरलेले नाही.

समजा, शाळेत एकसष्ट मुले आहेत, म्हणजे तीन शिक्षकांचा हक्क आहे. दोघांचे आधार जुळले नाही की मोजणीत एकोणसाठ भरतात. तिसरा शिक्षक जादा ठरतो, आणि मग दोघांनी पाच वर्ग ओढायचे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले, आणि वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचा घोर आणखी वाढला. पैशाचेही तसेच. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचे अनुदान मिळते ते पटावरच. तीसपर्यंत मुले असली तर दहा हजार रुपये, शंभरपर्यंत पंचवीस हजार. खडू, झाडू, वीजबिल, नळदुरुस्ती सारे त्यात. दोन मुले मोजणीतून सुटली तर गावाचे किती जाते, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि हे न जुळण्याचे मूळ बहुधा आपल्या घरात असते. घरात हाक मारायचे नाव आधारवर, पाळण्यातले नाव शाळेत. आधार काढताना तारीख ठाऊक नव्हती म्हणून १ जानेवारी सांगितली. आमच्या पिढीत तर गुरुजींनी निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा लिहिला होता. तेव्हा ते चालून गेले, आता चालत नाही. वडिलांच्या नावाचे एक अक्षर इकडे ऱ्हस्व, तिकडे दीर्घ. हेडमास्तर हे स्वतःच्या मनाने खोडून बदलू शकत नाहीत. जनरल रजिस्टरातले नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर पालकाचा अर्ज, पुरावा आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ‘गुरुजी, तेवढं नीट करून टाका की’ म्हणून त्यांच्या मागे लागणे म्हणजे तलाठ्याला सातबारा परस्पर फिरवायला सांगण्यासारखे आहे. दुरुस्ती करायची ती मूल शाळेत असतानाच करावी. दाखला हातात पडल्यावर काम फार अवघड होते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. मुलाचा जन्मदाखला काढा आणि आधार व शाळेतली नोंद त्याच्याशी ताडून पाहा. जन्मदाखला हाच पाया धरा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा पुरावा म्हणून कायद्याने तोच चालणार आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे आधार निळे असते, त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाली की ठसे द्यावे लागतात, पंधरा झाली की पुन्हा. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात ते फुकट होते. पहिलीच्या मुलाचे आधार ‘चालत नाही’ असे बाई सांगतात तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते. आणि ‘अपार’ म्हणून बारा आकडी क्रमांकासाठी शाळेतून संमतीचा कागद येईल. वाचून, विचारून सही करा; सही नको वाटली तर तसे सांगा, पण कागद दप्तरात चुरगळू देऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी दोन शब्द वेगळे. मोजणी ३० सप्टेंबरला होते आणि टोळ्या बहुधा त्यानंतर निघतात, म्हणून मूल पटावर येते. पुढे वर्ग ओस पडतो आणि गैरहजेरीचा जाब हेडमास्तरांना द्यावा लागतो. निघण्यापूर्वी त्यांना भेटा. मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का विचारा. बरोबर न्यायचे असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत मूल बसू शकते. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिले आहे. तसेच वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही, हे चौदाव्या कलमात आहे. दाखला देण्यात हयगय केली तर हेडमास्तरांवर कारवाई होऊ शकते, हेही त्याच पाचव्या कलमात आहे. पण ते त्यांना धमकावण्यासाठी वापरू नका.

हेडमास्तरांच्या पाठीशी कोण असते, असे विचाराल तर माणसे नेमलेली आहेत. १९९४ पासून दहा-बारा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख अशी व्यवस्था आहे. त्याच वर्षी आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, शाळेचा कारभार शिकवण्यासाठी शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था निघाली. तिला सगळे ‘मीपा’ म्हणत. शिक्षण विस्तार अधिकारी आहेत, गटशिक्षणाधिकारी आहेत. पण केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या राहतात तेव्हा तो भार एखाद्या शिक्षकावरच येतो, आणि मदतीचा माणूस माहिती मागणारा होऊन बसतो. हे मला आमच्या खात्यावरूनही ठाऊक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांची कोणती कामे शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची यादी काढली, ते बरे झाले. यादी पाळली जाते का, ते गावाने पाहायला हवे.

आणि गावाला ते पाहता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांतलाच, हेडमास्तर फक्त सचिव. प्रत्यक्षात समितीची वही घरोघर सहीला फिरते. माझे सांगणे असे की जूनच्या पहिल्या सभेला जाऊन बसा आणि एकच प्रश्न विचारा : किती मुलांचे आधार जुळलेले नाही? नावे लिहून घ्या. गावातला बारावी झालेला पोरगा दोन दिवस बाईंबरोबर घरोघर फिरला आणि पालकांना केंद्रावर घेऊन गेला, तर ते काम मिटते.

एक गोष्ट राहिलीच. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या जुन्या शाळांची रजिस्टरे बाहेर निघाली. काही नोंदी मोडीत, काही निजामाच्या काळातल्या उर्दूत. जिथे कोणा हेडमास्तरांनी ती वही वाळवीपासून जपली होती तिथे नातवाला आजोबांची नोंद मिळाली. तुमच्या शाळेतले सर्वांत जुने रजिस्टर कुठे ठेवले आहे, ते विचारा. पत्र्याखाली गळक्या खोलीत असेल तर पावसाआधी ग्रामपंचायतीने एक लोखंडी कपाट द्यावे. त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला की कसर लागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढील अंकी घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती गोणपाटावर कशी तपासावी ते पाहू.