घरचे आरोग्य : कानातला मळ



गेल्या पावसाळ्यात एका घरी जाणे झाले. आजीबाई भिंतीकडे तोंड करून एकट्याच बसल्या होत्या. "सासूबाईंना आता ऐकू येत नाही, त्यांच्याशी बोलून उपयोग नाही," असे सूनबाईंनी सांगितले. पुढे नातवाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. दोन्ही कानांत मळाचे घट्ट बूच बसलेले निघाले. ते काढताच त्याच संध्याकाळी आजीबाई घरच्यांशी पूर्वीप्रमाणे बोलू लागल्या. वाटाण्याएवढ्या मळापायी ती माउली कित्येक महिने आपल्याच घरात एकाकी पडली होती!

वस्तुतः या पदार्थाला मळ म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच होय. कानाच्या नळीतील ग्रंथी तो मुद्दाम तयार करतात. धूळ, बारीक कीटक व जंतू यांना तो अडवितो आणि आतील त्वचा कोरडी पडू देत नाही. शिवाय नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते. बोलताना व चावताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीचीही तिला मदत होते. निरोगी कान असा स्वतःच स्वतःला झाडून घेतो.

मग बूच का बसते? उतारवयात मळ कोरडा होतो, हे एक कारण. परंतु पुष्कळदा दोष आपल्या हाताचाच असतो. कानकोरणे, आगकाडी, केसांचा आकडा किंवा कापूस गुंडाळलेली काडी आत घातली, की मळ बाहेर येण्याऐवजी अधिकच आत ठासला जातो. मोठ्या माणसाची कानाची नळी सुमारे 2.5 सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या टोकाशीच नाजूक पडदा असतो. कान कोरीत असता एखादे मूल धावत येऊन कोपराला धडकले, तर काय अनर्थ होईल याचा विचार करावा. जत्रेत एकाच सळईने अनेकांचे कान साफ करणाऱ्यापुढेही कान करू नये. लसूण घातलेले कढत तेल तर कधीच ओतू नये. त्याने कान भाजतो.

कान दडे बसल्यासारखा वाटत असल्यास घरी करण्याजोगा उपाय साधा आहे. औषधाच्या दुकानातून ऑलिव्हचे तेल अथवा मळ मऊ करणारे थेंब आणावेत. तो कान वर येईल असे कुशीवर निजावे, कानाची पाळी किंचित वर व मागे ओढावी, आणि गरम न करता 2-3 थेंब सोडून 5 मिनिटे तसेच पडून राहावे. असे दिवसातून दोनदा, 3 ते 5 दिवस करावे. आरंभी कान अधिकच भरल्यासारखा वाटेल, घाबरू नये. मळ मऊ होऊन हळूहळू आपोआप बाहेर येतो, त्यास कधी दोन आठवडेही लागतात. बाहेर आलेला मळ तेवढा फडक्याने पुसावा.

मात्र कान दुखत असेल, वाहत असेल, पडदा पूर्वी फाटला असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर एकही थेंब घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. लहान मुले व मधुमेही यांच्या बाबतीतही आधी डॉक्टरांना विचारावे. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर मळ समजून तेल घालीत बसू नये. तो आतील कानाचा विकार असू शकतो, आणि त्यावरील औषध लवकर मिळाले तरच लागू पडण्याची आशा अधिक असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्या घरी कोणी वृद्ध अलीकडे गप्प झाले असेल, वा शाळेत जाणारे मूल हाक मारूनही ओ देत नसेल, तर त्यांच्यावर रागावण्यापूर्वी त्यांचे कान तपासून घ्यावेत.