उतारा आणि आधार

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी पदवीच्या पहिल्या वर्षात येणारा विद्यार्थी बारा वर्षे उत्तरे लिहून आलेला असतो. प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर मार्गदर्शकातले आणि स्वतःचे केवळ हस्ताक्षर. महाविद्यालयात चर्चासत्रासाठी विषय मिळाला की तीच सवय पुढे चालते. मार्गदर्शकाची जागा मोबाईलने घेतली, एवढाच फरक.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ६० टक्क्यांपलीकडे गेल्यास नोंदणीच रद्द. परंतु ज्या उणिवेबद्दल ही शिक्षा, तिचे शिक्षण पहिल्या वर्षी कोणी दिले होते काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षी संशोधनासह पदवीची वाट खुली केली. तीन वर्षे उतारे नकलणारा चौथ्या वर्षी संशोधक कसा व्हावा?

ऋण कबूल करणे ही काही परदेशी रीत नव्हे. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या अखेरीस व्यासांचे व भाष्यकारांचे ऋण मोकळेपणाने नोंदविले आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, ती अस्सल कागदांवाचून इतिहास नाही या आग्रहापोटीच.

विषय परका असला की नक्कल अटळ होते. समजा, विषय कापसावरील गुलाबी बोंडअळीचा आहे. २०१७ च्या हंगामात तिने मराठवाड्यातील बीटी कापूस पोखरला. बीटी म्हणजे बोंडअळीपासून अभय, असे ऐकून पेरणी केलेल्या बापाने त्या साली शेतात काय पाहिले, हे मुलाला विचारता येते. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी असतात. बापाचे म्हणणे आणि छापील शिफारस जुळत नसेल, तर ती विसंगती हाच निबंधाचा खरा प्रश्न होय; आणि कोणते विधान कोणाचे, हे सांगितल्यावाचून तो मांडताच येत नाही. आधार कशासाठी द्यावयाचा, हे मग निराळे शिकवावे लागत नाही.

पाचशे शब्दांचा असा एकच निबंध, पण तीनदा लिहिलेला, वर्षाला पुरे. मात्र साठ मुलांचे तीन खर्डे म्हणजे एकशे ऐंशी वाचने. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला मानधन मिळते ते वर्गात उभे राहिल्याचे. समासात शेरे लिहिण्यात गेलेली रात्र कोणत्याच हिशेबात नाही. ती धरली जात नाही तोवर चर्चासत्राचे गुण हजेरीवर आणि वहीच्या वेष्टनावरच पडत राहणार.