ग्रंथपरिचय : पेढी, पैसा आणि घर

व्यापारी कुटुंबात हिशेबाची, कायद्याची आणि यशाचे मार्ग सांगणारी पुस्तके आवर्जून घेतली जातात. कथा-कादंबरी मात्र फावल्या वेळेची करमणूक ठरते. अलीकडचे भारतीय लेखन चाळले, तर हा समज फार काळ टिकत नाही.

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही मूळ कन्नड लघुकादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे दूरवर पोहोचली. बंगळूरच्या एका कुटुंबात वडिलांची चहा विक्रीची नोकरी जाते आणि धाकटे काका मसाल्याच्या पाकिटांचा धंदा उभारतात. लक्ष्मी येते, घर मोठे होते. परंतु कमावत्या माणसाच्या चुका झाकणे हाच पुढे घराचा धर्म होऊन बसतो. पुतण्या नावापुरता संचालक. त्याला पगार आहे, काम नाही. काकांना शोधत दारी आलेल्या एका स्त्रीला घरची मंडळी हाकलून देतात, तेव्हा तिच्या बाजूने बोलते ती एकटी सून अनिता. शीर्षकातील शब्द कोणत्याही कोशात नाही. न सुटणाऱ्या गुंत्यासाठी तो अनिताच्या माहेरी घडलेला आहे. एकत्र व्यवसाय असलेल्या प्रत्येक घराने वाचावे असे हे छोटेखानी पुस्तक आहे.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी लक्ष्मी सुब्रमण्यन यांचे ‘थ्री मर्चंट्स ऑफ बॉम्बे’ हे इंग्रजी पुस्तक आहे. त्रवाडी अर्जुनजी नाथजी, जमशेटजी जीजीभाई आणि प्रेमचंद रायचंद या तिघांची ही चरित्रकथा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद मुंबईच्या बाजाराचे सूत्रधार झाले. १८६५ साली भाव कोसळले आणि त्यांचे साम्राज्यही ढासळले. त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र त्यांच्या मातोश्रींचे नाव आजही सांगतो. जमशेटजींच्या दानशूरतेचा आदर करतानाच त्यांच्या चीनशी असलेल्या व्यापारात अफूही होती, हे विसरून चालणार नाही. संपत्ती कोठून आली आणि कोठे गेली, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावे लागतात.

कथा आवडणाऱ्यांनी बानू मुश्ताक यांच्या कथांकडे वळावे. दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणलेल्या ‘हार्ट लॅम्प’ या संग्रहाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कर्नाटकातील मुस्लिम घरांतील स्त्रियांची ही दुःखे इतर घरांनाही अनोळखी वाटणार नाहीत. मराठीत कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरी विस्थापितांचे जग उभे करते. लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांची सचित्र पुस्तके आहेतच.

नवे पुस्तक निवडताना पुरस्कारापेक्षा पहिली दहा पाने अधिक विश्वासाची. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नावही लक्षात ठेवावे. आवडलेला अनुवादक पुढच्या चांगल्या लेखकापर्यंत नेतो. महिन्याला एक पुस्तक घरात यावे, ते सासू-सुनेने, काका-पुतण्याने वाचावे आणि जेवणानंतर त्यावर बोलावे. घरातील ज्या गोष्टी थेट बोलता येत नाहीत, त्या पुस्तकातील माणसांच्या निमित्ताने बोलता येतात.