होम जिम घ्यायचंय? आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. घरी आणायच्या व्यायामाच्या मशीनवर मात्र तो १८ टक्केच राहिला. खेळाचं साहित्य ५ टक्क्यांत आलं, पण सर्वसाधारण व्यायामाची साधनं त्यातून वगळली आहेत. म्हणजे क्रिकेटच्या बॅटवरचा कर कमी झाला, मल्टी-जिमवरचा नाही.

थोडा हिशोब करू. जिमची मूळ फी वर्षाला १२ हजार धरली तर आधी करासकट १४,१६० रुपये व्हायचे, आता १२,६०० व्हायला हवेत. 'हवेत' म्हणतोय, कारण ५ टक्क्यांसोबत जिमवाल्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट गेलंय. मशीन घेताना भरलेला कर त्याला आता वळता करून मिळत नाही, त्यामुळे सगळी सूट तुमच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. दुसरीकडे, ३० हजारांच्या मशीनमध्ये जवळपास ४,५७६ रुपये नुसता कर आहे.

मग मी जिमच का लावली नाही? कारण बाबा. ते नाशिकहून माझ्याकडे पुण्यात राहायला आलेत. गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपिस्टने मांडीचे स्नायू मजबूत करायला सांगितलेत. मला दिवसभर लॅपटॉपसमोर बसून पाठदुखी. एकच मशीन दोघांना चालायला हवं होतं, बजेट ३० हजार.

इंजिनिअर असल्यामुळे मी आधी स्मार्ट मशीनकडेच वळलो. यात लोखंडी वजनं नसतात. मोटर केबलला उलट ओढते आणि सॉफ्टवेअर ठरवतं की किती जोराने. २०१८ मध्ये आलेलं अमेरिकेतलं टोनल असंच आहे: भिंतीवरचा एक स्क्रीन, दोन हात, आणि दोन्ही मिळून २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलोपर्यंत ताण. जागा कमी लागते, वजन थोडं थोडं वाढवता येतं. खरंच भारी टेक्नॉलॉजी आहे. पण वर्कआउट आणि नोंदींसाठी दर महिन्याला सबस्क्रिप्शन लागतं.

आणि कंपनीचाच विचार बदलला तर? ल्युलुलेमनने २०२० मध्ये 'मिरर' ही आरशासारख्या स्क्रीनवर व्यायाम शिकवणारी कंपनी ५० कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०२३ मध्ये त्या आरशाची विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझ्या ड्रॉवरमध्येही एक फिटनेस बँड पडून आहे. बँड ठणठणीत, पण कंपनीने ॲप बंद केलं. बँड गेला तर दोन हजार गेले. मशीन गेलं तर अर्धी खोली अडते.

म्हणून मी एक साधी टेस्ट ठरवली. दुकानात फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, मशीनचं वायफाय बंद करायचं आणि मग वजन बदलून बघायचं. मशीनवरच्या बटणाने किंवा नॉबने बदललं तर पास. "ॲप कनेक्ट करा" असा मेसेज आला तर नापास. मी फोन घेऊन ऑफिसला गेल्यावर बाबांनी व्यायाम कसा करायचा, हा माझा खरा प्रश्न होता. मी पाहिलेल्या दोन स्मार्ट मशीनपैकी एक इथेच बाद झालं. दुसरं पास झालं, पण बजेटच्या बाहेर होतं.

शेवटी पिन लावून वजन बदलायचं साधं मल्टी-जिम घेतलं. त्यातही नीट बघायच्या गोष्टी आहेत:

पहिली, कप्पी. केबल फिरत्या कप्पीवरून येत असेल तर जोर निम्मा लागतो. १५० पौंडांचा स्टॅक म्हणजे ६८ किलो, पण तुमच्या हाताला ३४ किलोच जाणवतात. मोठा आकडा बघून भुलू नका, स्वतः ओढून बघा.

दुसरी, सगळ्यात कमी वजन. १० पौंडांची प्लेट म्हणजे साडेचार किलो. तुमच्यासाठी हे किरकोळ असेल, दुखऱ्या गुडघ्यासाठी नाही. बाबांनी किती वजनाने सुरुवात करायची हे फिजिओथेरपिस्टलाच विचारलं.

तिसरी, मापं. छताची उंची, दाराची रुंदी, लिफ्ट. भाड्याच्या घरात असाल तर मशीन पूर्ण सुटं होतं का, हेही विचारा.

चौथी, केबल. ती झिजणारच. त्याच मापाची केबल बाजारात सहज मिळते का?

एकट्यासाठी घेत असाल आणि घराजवळ बरी जिम असेल, तर आधी तिथे तीन महिने जाऊन बघा. आता कर कमी आहे, आणि सवय लागतेय की नाही तेही कळेल. डब्ल्यूएचओ मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगतं. दोनच दिवस, पण दर आठवड्याला.

आमच्याकडे बाबा पिन दुसऱ्या प्लेटला लावतात आणि मोजणी पंचांगाच्या कॅलेंडरवर पेनाने लिहितात. माझी मोजणी फोनमध्ये आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात खाडे जास्त आहेत.