धान्यबाजारातील संत

फ्लॉरेन्सच्या मुख्य कॅथीड्रलकडून सिन्योरिया चौकाकडे जाताना वाटेत ओर्सानमिकेले नावाची एक उंच, चौकोनी इमारत लागते. ती पुरती देवळासारखी दिसत नाही, वाड्यासारखीही नाही. १३३७ साली तिची उभारणी सुरू झाली ती धान्यबाजार म्हणून. खाली सौदे होत, वरच्या मजल्यांवर धान्य साठवले जाई. ते खाली सोडण्याची तोंडे आतल्या खांबांत आजही दिसतात. पुढे बाजार हलला आणि प्रार्थनास्थळ तेवढे राहिले.

इमारतीच्या बाहेरच्या भिंतींत कोनाडे आहेत. व्यापारी व कारागीर यांच्या श्रेणींनी आपापल्या संरक्षक संतांच्या मूर्ती तेथे बसवाव्यात, असे ठरले होते. परंतु काम रेंगाळले. अखेर १४०६ साली नगरशासनाने दहा वर्षांची मुदत घातली. त्या तगाद्यातून युरोपीय शिल्पकलेचे एक नवे पर्व सुरू झाले.

लिनन कापडाच्या व्यापाऱ्यांनी डोनातेल्लोकडून संत मार्कची संगमरवरी मूर्ती करवून घेतली. हा संत उभा आहे तो एका उशीवर, आणि त्याच्या भाराने ती उशी दबलेली दिसते. दुकानातला माल असा संताच्या पायाशी आला! दगड व लाकूडकाम करणाऱ्यांच्या कोनाड्याखाली नान्नी दी बांको याने काम करीत असलेले गवंडी आणि शिल्पी कोरले. आपला धंदा झाकून ठेवावा, असे यांपैकी कोणालाही वाटले नाही.

परदेशी कापडाचा व्यापार करणाऱ्या कालिमाला या धनाढ्य श्रेणीने गिबेर्तीला संत जॉनची मूर्ती ब्राँझमध्ये ओतण्यास सांगितले. माणसाहून मोठी मूर्ती ओतणे त्या काळी जोखमीचे होते. ओतकाम फसल्यास नुकसान शिल्पकाराचे, असे ठरले. ते फसले नाही. पुढे सराफांच्या श्रेणीने त्याच गिबेर्तीकडे संत मॅथ्यूची मूर्ती सोपवली, तेव्हा ती जॉनच्या मूर्तीहून लहान नसावी, अशी अट घातली. भक्तीच्या सोबतीला चढाओढही होतीच.

परंतु सर्वांत विचार करायला लावते ती मेर्कांत्सियाची निवड. मेर्कांत्सिया म्हणजे व्यापाऱ्यांचे तंटे सोडवणारे न्यायालय. त्यासाठी व्हेरोक्योने घडवलेले येशू आणि थॉमस यांचे ब्राँझशिल्प १४८३ साली बसवण्यात आले. गुरू पुन्हा जिवंत झाल्याचे थॉमसला खरे वाटेना. जखमा स्वतः पाहिल्याशिवाय आपण मानणार नाही, असे तो म्हणाला. शिल्पातील थॉमसचा एक पाय कोनाड्याबाहेर, रस्त्याच्या बाजूला आहे. जणू तो बाजारातूनच आला आहे. येशू मात्र रागावलेला नाही. हात वर उचलून, वस्त्र बाजूला करून तो जखम दाखवतो आहे.

निवाडा करण्यापूर्वी पुरावा पाहावा, हा या शिल्पाचा न्यायाधीशांना बोध. वही पाहायला मागितली की भागीदार दुखावतात, सख्खे भाऊ अबोला धरतात आणि पिढ्यांची पेढी फुटते. मागणाऱ्याने आदराने मागावे, दाखवणाऱ्याने मोकळेपणाने दाखवावे, हे व्हेरोक्योच्या दोन्ही आकृतींत एकत्र आहे.

आता कोनाड्यांत प्रतिकृती उभ्या आहेत. मूळ येशू आणि थॉमस वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात आहेत, जेथे एके काळी शहराचे धान्य साठवलेले असे.